व्हॉल्व्हच्या पोटात काय असतं?

दोस्तांनो, साखरखेर्डा, मेहकर किंवा सिंदखेडराजाकडच्या एखाद्या जुन्या घरात फडताळावर मोठा लाकडी रेडिओ दिसला, तर आजोबांना एक प्रश्न जरूर विचारा: "हा बटण फिरवल्याबरोबर बोलायचा, की थोडा वेळ घ्यायचा?" त्यांच्या उत्तरावरून आतल्या व्हॉल्व्हची रचना ओळखता येते. कशी ते पाहू.

ट्रान्झिस्टर घरोघरी येण्याआधी रेडिओचं काम व्हॉल्व्हवर चाले. व्हॉल्व्ह म्हणजे आतली हवा काढून टाकलेली काचेची नळी. मधोमध तापणारा कॅथोड, त्याच्याभोवती बारीक तारेची जाळी आणि बाहेरून धातूची प्लेट. कॅथोड तापला की इलेक्ट्रॉन निघतात नि प्लेटकडे धावतात. वाटेतली जाळी पाटाच्या दारासारखी असते. तिच्यावरचे व्होल्ट जरासे बदलले, तरी प्रवाह बराच बदलतो. म्हणून जाळीशी आलेला क्षीण संकेत प्लेटपाशी मोठा होतो. ही युक्ती अमेरिकेतल्या ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ साली काढली.

आता दोन व्हॉल्व्ह घेऊ, ईएल ८४ आणि डीएल ९६. दोघांचं काम एकच, स्पीकर वाजवायचा. पोटातली मांडणी मात्र निराळी!

ईएल ८४ घरातल्या विजेवर चालणाऱ्या सेटमधला. त्याचा कॅथोड म्हणजे निकेलची बारीक पोकळ नळी. तिच्यावर बाहेरून पांढरा लेप आणि आत वेगळी तापणारी तार. हा खटाटोप कशाला? घरातल्या विजेचा प्रवाह सतत उलटसुलट होतो. तोच थेट कॅथोडमधून गेला, तर रेडिओ घुमत राहतो. मध्ये नळी असली की उष्णता एकसारखी मिळते. पण ती तापायला वेळ लागतो, म्हणून असा रेडिओ अर्धा मिनिट गप्प! तारेला ६.३ व्होल्ट लागतात आणि नुसत्या तापण्यात पावणेपाच वॅट खर्च होतात.

आणि वीजच नसेल तर? नागपूरचं आकाशवाणी केंद्र १९४८ साली सुरू झालं, पण १९५० च्या सुमाराला सगळ्या देशात वीज पोचलेली खेडी होती जेमतेम तीन हजार. बाकीच्यांसाठी बॅटरीचे सेट. त्यातला डीएल ९६ अगदी काटकसरी. नळीबिळी काही नाही, केसासारख्या तारेवरच लेप. तीच तापते आणि तीच कॅथोड. १.४ व्होल्टवर खर्च अवघा ०.०७ वॅट, म्हणजे ईएल ८४ च्या जवळजवळ सत्तरावा हिस्सा! शिवाय असा सेट लगेच बोलतो. आवाज अर्थात बेताचा. आणि ती तार भलतीच नाजूक, बरं का. अशा सेटला एक बॅटरी दीड व्होल्टची आणि दुसरी बहुधा नव्वदची. जोडताना अदलाबदल झाली, की क्षणात सगळे व्हॉल्व्ह खलास.

तिसरा भाऊ यूएल ८४. याचा कॅथोड ईएल ८४ सारखाच नळीचा, पण आतल्या तारेचा अवरोध कितीतरी जास्त. तिला ४५ व्होल्ट लागतात. यू मालिकेतल्या व्हॉल्व्हच्या तारा एकामागे एक जोडलेल्या असतात, दिवाळीच्या तोरणातल्या दिव्यांसारख्या. एक तुटली की सगळे विझतात! पुष्कळांनी असे सेट भंगारात घातले. प्रत्यक्षात एकच व्हॉल्व्ह गेलेला असायचा.

असे व्हॉल्व्ह आपल्याकडेही बनत, बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये. काचेवरची अक्षरं बोट लागून पुसली जातात, तेव्हा पाय मोजा. ऐंशीच्या आकड्यांना नऊ, नव्वदीच्या आकड्यांना सात. काचेवर आतून आरशासारखा डाग दिसेल. तो बेरियमचा, उरलीसुरली हवा शोषण्यासाठी. डाग दुधासारखा पांढरा झाला असेल, तर आत हवा शिरली आहे. असा व्हॉल्व्ह कितीही नवा दिसला तरी घेऊ नका.

मात्र हे सगळं सुट्या व्हॉल्व्हवर पाहायचं. सेट स्वतः उघडू नका, आणि वीज जोडलेली असताना तर मुळीच नाही. प्लेटला दोन-अडीचशे व्होल्ट असतात, आणि यू मालिकेच्या सेटचा आतला पत्रासुद्धा थेट शॉक देऊ शकतो.