सातबारा तिजोरीत, वाटणीपत्र माळ्यावर

कापूस वेचणीला लागला की हिवरखेडातली निम्मी घरं दिवसभर कुलपात असतात. माणसं वावरात आणि सगळी ठेव घरातल्या एकाच लोखंडी कपाटात: सातबारा, खरेदीखत, पोरांच्या टीसी, आईची पोत. तरीही जे हरवलं तर पुन्हा मिळतं तेच आपण तिजोरीत जपतो, आणि ज्याची दुसरी प्रत जगात कुठेच नाही ते माळ्यावरच्या पिशवीत राहतं. या उलट्या जपणुकीमागे काही जुन्या समजुती आहेत.

गैरसमज : सातबारा हरवला की जमीन धोक्यात.
वस्तुस्थिती : घरातला सातबारा हा फक्त उतारा असतो. मूळ नोंद महसूल खात्याकडे असते. डिजिटल सहीचा उतारा महाभूमीच्या संकेतस्थळावर 15 रुपयांत मिळतो आणि त्यावर तलाठ्याचा सही-शिक्का लागत नाही. शिवाय सातबारा म्हणजे मालकीचा अखेरचा पुरावाही नव्हे. फेरफार नोंदीने मालकी मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी सांगितलं आहे. मालकी ठरते ती खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटणी किंवा वारसा यांवरून. नोंदणी झालेल्या खरेदीखताची प्रमाणित नक्कल दुय्यम निबंधक कार्यालयात मिळते. त्यासाठी दस्त क्रमांक, वर्ष आणि कार्यालयाचं नाव वेगळ्या वहीत लिहून ठेवा. मूळ प्रतही जपायलाच हवी, कारण तारण कर्जाला बँक तीच मागते. कर्ज फिटल्यावर मूळ कागद 30 दिवसांत परत द्यायचे, आणि बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम 1 डिसेंबर 2023 पासून लागू आहे.

गैरसमज : स्टॅम्प पेपरवर सह्या झाल्या म्हणजे सरकारदरबारी नोंद झाली.
वस्तुस्थिती : स्टॅम्प पेपर घेणं वेगळं आणि दस्त नोंदवणं वेगळं. भावाभावांनी घरी बसून केलेलं वाटणीपत्र, उसनवारीची चिठ्ठी, नोंदणी न केलेलं मृत्युपत्र यांची प्रत कोणत्याही निबंधकाकडे नसते. घरातली गेली की गेली. तिजोरीतली पहिली जागा या कागदांची. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही, पण ते बंद लिफाफ्यात जिल्हा निबंधकाकडे ठेवायची सोय 1908 च्या नोंदणी कायद्यातच आहे.

गैरसमज : लॅमिनेशन केलं की कागद जन्मभर टिकतो.
वस्तुस्थिती : लॅमिनेशन पुन्हा काढता येत नाही. आत दमट हवा अडकली तर कागद आतून खराब होतो, आणि शिक्का, शाई, सही तपासणंही अवघड होतं. मशीनमधून निघणाऱ्या पावतीचा कागद तर लॅमिनेशनच्या उष्णतेने काळा पडतो. अशा पावतीची आधी झेरॉक्स काढावी. बाकीचे कागद कोरड्या फाइलमध्ये, जमिनीपासून उंच आणि भिंतीला न टेकवता ठेवावेत. उधई मातीतून, भिंतीच्या फटींतून येते, ती डांबरगोळ्यांना दाद देत नाही. तिने नोटा कुरतडल्या तरी फेकू नका. 50 रुपये आणि त्यावरच्या नोटेचा सर्वांत मोठा अखंड तुकडा 80 टक्क्यांहून जास्त असेल तर बँकेत पूर्ण किंमत मिळते. तो 40 ते 80 टक्के असेल तर निम्मी.

गैरसमज : लोखंडी कपाटात आग शिरत नाही.
वस्तुस्थिती : आग शिरली नाही तरी धग शिरते. साधा पत्रा लवकर तापतो आणि ज्वाळा न लागताही आतला कागद करपतो. कागदांसाठीच्या अग्निरोधक तिजोऱ्यांची चाचणी आतलं तापमान साधारण 177 अंश सेल्सिअसच्या खाली राहतं का, यावर होते. घरच्या कपाटाची अशी चाचणी झालेली नसते.

गैरसमज : मोबाइलमध्ये फोटो आहे, आता काळजी नाही.
वस्तुस्थिती : फोटो माहितीपुरता उपयोगी. डिजिलॉकरमध्ये संबंधित खात्याकडून थेट आलेला दाखला कायद्याने मुळाच्या बरोबरीचा असतो. आपण स्वतः स्कॅन करून चढवलेल्या कागदाला तो दर्जा नाही.

गैरसमज : बायकोकडे 500 ग्रॅमपेक्षा जास्त सोनं असणं बेकायदा, आणि लॉकरमधल्या सोन्याची पूर्ण हमी बँकेची.
वस्तुस्थिती : सोनं बाळगायला मर्यादा नाही, ते आलं कुठून हे सांगता आलं पाहिजे. विवाहितेचं 500, अविवाहितेचं 250 आणि पुरुषाचं 100 ग्रॅमपर्यंतचं सोनं प्राप्तिकराच्या छाप्यात जप्त करू नये, अशी 1994 ची सूचना आहे. लोकांनी तीच मर्यादा समजली. म्हणून पावत्या जपा, जुन्या दागिन्यांचं वजन करून फोटो काढा. लॉकरचं म्हणाल तर चोरी, आग किंवा कर्मचाऱ्याची फसवणूक यांत बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या 100 पटीपर्यंतच आहे. भाडं 2,000 रुपये असेल तर जास्तीत जास्त 2 लाख. पूर किंवा भूकंपासाठी तेवढीही नाही, मात्र बँकेने आपल्याकडून काळजी घेतलेली असली पाहिजे.

गैरसमज : नॉमिनी लावला म्हणजे वारस ठरला.
वस्तुस्थिती : नॉमिनी पैसे हातात घेतो, पण त्यावरचा हक्क सहसा वारसांचा किंवा मृत्युपत्रात नाव असलेल्याचा असतो. विमा पॉलिसीबाबत 1984 मध्ये आणि शेअर्सबाबत 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. विम्यात मात्र 2015 च्या कायदा दुरुस्तीनंतर आई-वडील, नवरा-बायको किंवा मुलं नॉमिनी असतील तर तो पैसा त्यांच्या हक्काचा धरला जातो. तरीही नॉमिनी लावावाच, नाहीतर पैसे सुटायला वर्षं जातात.

एवढ्यासाठी महागडी तिजोरी घ्यायची गरज नाही. एका वहीत दस्त क्रमांक, बँक खाती, लॉकर, विमा, नॉमिनी आणि कोणाचं किती देणं-घेणं हे लिहा. पासवर्ड आणि पिन मात्र त्यात नकोत. घरातल्या दोघांना ती वही कुठे आहे ते माहीत असू द्या आणि तिची झेरॉक्स अकोल्याला दिलेल्या लेकीकडे ठेवा.