खाली माझं नाव आणि फोन नंबर

2002 ते 2007 ही वर्षं मी दक्षिण मुंबईत, एका कारखानदार कंपनीच्या मुख्य कचेरीत जनसंपर्क विभागात काढली. दारावर ‘कॉर्पोरेट कम्युनिकेशन्स’ अशी नवी पाटी होती, पण कारखान्यातली माणसं फोन केल्यावर अजून ‘पीआरओ ऑफिस ना?’ असंच विचारायची. विभागही छोटाच. विभागप्रमुख मॅडम, इंग्रजी मजकूर बघणारे एक सर, गृहपत्रिका सांभाळणारी ताई, फोटोग्राफर आणि सगळ्या वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या तोंडपाठ असलेले शिपाईकाका. साताऱ्याकडून, मराठी शाळेतून आलेली मी त्यांत सगळ्यांत धाकटी.

पुढे याहून मोठ्या आणि चकचकीत कचेऱ्यांत बसले. तिथे वाढदिवसाला केक असायचा, महिन्याचा उत्तम कर्मचारी निवडला जायचा. आमच्या त्या विभागात कुणी कुणाची फारशी स्तुती केल्याचं आठवत नाही. तरी नव्या माणसाला इतकं सांभाळून घेणारी जागा मला पुन्हा मिळाली नाही. तिथे दोन गोष्टी ठरलेल्या होत्या. धाकट्यापासून काही लपवायचं नाही, आणि दुसऱ्यानं वाचल्याशिवाय कुणाचाच कागद बाहेर जाऊ द्यायचा नाही. मॅडमचाही नाही. त्यांचं पत्र माझ्या टेबलावर तपासायला आलं, तेव्हा मला पेन उचलायचं धाडस होईना. ‘अगं, वाचायला दिलंय, पूजेला नाही,’ असं म्हणून त्या गेल्या.

सकाळ कात्रणांनी सुरू व्हायची. स्टीलची पट्टी, कटर, गोंद, मग झेरॉक्स. साडेनऊला संचालकांच्या टेबलावर फाइल गेलीच पाहिजे. या कामाला कारकुनी म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ असतात. सर मात्र शेजारी खुर्ची ओढून बसायचे. आपली बातमी कितव्या पानावर आली, कुणाच्या नावानं आली, आपल्या प्रेसनोटमधलं काय राहिलं आणि काय उडालं, हे ते बोटानं दाखवायचे. ‘अग्रगण्य’ उडालेलं, ‘अत्याधुनिक’ उडालेलं, अध्यक्षांना झालेला आनंद तर नेहमीच उडालेला. शिल्लक राहायचे ते आकडे, गावाचं नाव आणि तारीख. माझ्या कच्च्या मसुद्यांच्या समासात सरांच्या लाल शाईचे प्रश्न त्याच जातीचे असत: किती? कधीपासून? कोण म्हणालं?

युनिकोड अजून रुळलेलं नव्हतं. श्रीलिपीत टाइप केलेली मराठी नोट मेलनं पाठवली आणि समोरच्याकडे तो फॉन्ट नसला, की पडद्यावर नुसता रोमन अक्षरांचा काला. म्हणून मराठी नोट फॅक्सनं जायची, नाहीतर काकांच्या हाती. सुरुवातीलाच मॅडमनी मला काकांबरोबर धाडलं. नरिमन पॉइंटला एक्स्प्रेस टॉवर्स, बोरीबंदरासमोरची टाइम्सची इमारत, गिरगावात ‘नवाकाळ’, प्रभादेवीला ‘सामना’. पाकीट कुणाच्या हाती द्यायचं, कुणाच्या टेबलावर ते रद्दीत जातं, कोणत्या वेळी डेस्कवरच्या माणसाला नमस्कारसुद्धा करू नये, हे ज्ञान काकांकडे होतं. पत्रकारितेच्या पदविकेत त्यातलं काही शिकवलेलं नव्हतं.

तिमाही निकालाचा दिवस सगळ्यांत ताणाचा. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचे आकडे आधी बाजाराला कळवायचे, मगच वर्तमानपत्रांना. आणि निकालाची जाहिरात एका इंग्रजी दैनिकाबरोबर नोंदणीकृत कार्यालय जिथे असेल तिथल्या भाषेतल्या दैनिकातही द्यायची. आमचं मुंबईत, म्हणून मराठीत. प्रेसनोटचा सांगाडा आधीच तयार असे. आकड्यांच्या जागी फुल्या, आणि मजकूर दोन: नफा वाढला तर हा, घटला तर तो. संचालक मंडळाची बैठक उठली, बाजाराला कळवून झालं, की फुल्या भरायच्या. एकानं आकडे मोठ्यानं वाचायचे, दुसऱ्यानं टिंब करत जायचं. अशा दिवशी नव्या पोरांना लांब ठेवायची बऱ्याच ठिकाणी पद्धत असते. मॅडमनी मला पहिल्याच तिमाहीत आत बसवलं. त्याआधी नफा घटला म्हणजे नेमकं काय झालं, कच्चा माल कशानं महागला, प्रश्न कोणते येतील, आणि यातलं घरी आईलासुद्धा का सांगायचं नाही, हे सगळं सांगितलं. सेबीच्या इनसाइडर ट्रेडिंगच्या नियमांचा माझा पहिला धडा तोच.

काही महिन्यांनी मराठी प्रेसनोटच्या तळाशी ‘अधिक माहितीसाठी संपर्क’ या ओळीपुढे मॅडमनी माझं नाव आणि माझ्या टेबलावरचा नंबर टाकला. पगारवाढीपेक्षा त्या ओळीनं मला जास्त घडवलं, असं मी आजही म्हणेन. वार्ताहर थेट मलाच विचारू लागले. उत्तर ठाऊक नसलं तर काय बोलायचं, हेही ठरलेलं होतं: ‘विचारून सांगते, सहापर्यंत.’ आणि सहाला फोन करायचाच. उत्तर मिळालेलं नसलं तरी, मिळालेलं नाही हे सांगायला करायचा. डेस्कवरचा माणूस जागा राखून बसलेला असतो. विचारायला मी मॅडमच्या खोलीत कितीदा गेले असेन. ‘एवढंही माहीत नाही?’ असं तिथे कधी ऐकावं लागलं नाही.

26 जुलै 2005, मंगळवार. आमच्या खिडकीतून दिसत होता तो नेहमीचा पाऊस. कुलाब्याला त्या दिवसात जेमतेम 73 मिलिमीटर पडला, सांताक्रूझला 944. उपनगरात काय चाललंय हे आम्हाला आधी कळवलं एका दैनिकाच्या डेस्कनं. लोकल बंद, मोबाइल मुके, आणि आमची कितीतरी माणसं दुपारीच घराकडे निघालेली. मॅडमनी हजेरीपत्रक मागवलं, एक कोरं रजिस्टर घेतलं आणि रकाने आखायला सांगितले: नाव, शेवटचं कुठे होते, कुणी सांगितलं, घरी कुणाला कळवलं. चालू असलेल्या लँडलाइनवर रात्रभर आम्ही आळीपाळीनं बसलो. सांगोवांगीचं काही लिहायचं नाही, हा एकच दंडक. बदलापूरहून एक बाई दर थोड्या वेळानं नवऱ्याची चौकशी करत होत्या. ‘ठीक असतील हो’ असं म्हणून टाकणं सोपं होतं. मी म्हणाले, ‘अजून कळलेलं नाही, तासाभरानं मीच फोन करते.’ आणि केला, पुन्हा पुन्हा. पहाटे ते कुर्ल्याला एका शाळेत आहेत असं कळलं. तोवर काकांनी कुठून तरी पाव आणि बटाट्याची भाजी पैदा केली होती. त्या दिवसांतला खरा कारभार काकाच बघत, असं माझं मत आहे.

पाणी ओसरल्यावर रजिस्टर कपाटात गेलं नाही. मजल्यावरच्या प्रत्येकाच्या घरचा आणि शेजाऱ्याचा नंबर त्यात लिहून घेतला गेला. पुढच्या वर्षी 11 जुलैच्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये स्फोट झाले, तेव्हा कुणी काय करायचं हे विचारायची वेळ आली नाही.

गृहपत्रिकेबद्दल लिहायला बसले तर थांबणार नाही. एवढंच सांगते, की अध्यक्षांचं मनोगत कुणी वाचत नसे. कामगारांच्या मुलांचा दहावीचा निकाल आणि निवृत्तांचे फोटो सगळे वाचत. त्या पानावरची नावं ताई कारखान्यात फोन करून एकेक पडताळायची.

आता मी स्वतः विभाग सांभाळते. एजन्सीकडून आलेला मजकूर व्हॉट्सअॅपवर सात जण ‘ओके’ करतात, आणि ज्या मुलीनं तो लिहिला तिला काय बदललं, का बदललं, हे कळतच नाही. आकडे तर तिला वर्तमानपत्रात छापून आल्यावर दिसतात. मग दोन वर्षांत ती सोडून जाते आणि आपण नव्या पिढीच्या नावानं बोटं मोडतो. तुमच्याकडे यंदा कुणी नवं रुजू होणार असेल, तर पुढच्या तिमाही निकालाला त्याला आत बसवा, आणि नोटेखाली त्याचं नाव छापा.