छायाचित्राला अक्षांश-रेखांश कसे मिळतात?

सहलीत काढलेली छायाचित्रे वर्षभराने पाहिली, की 'हे नक्की कुठून काढले?' असा प्रश्न पडतो. डिजिटल छायाचित्राच्या फाईलमध्ये चित्राबरोबरच तारीख, वेळ, कॅमेऱ्याचे नाव अशा नोंदींसाठी जागा राखलेली असते. या नोंदींना 'एक्झिफ' म्हणतात. अक्षांश-रेखांशही त्यातच लिहिले जातात. मोबाईल फोनमध्ये जी.पी.एस. असते, त्यामुळे आपण परवानगी दिली असेल तर तो ते आपोआप लिहितो. पुष्कळ कॅमेऱ्यांत मात्र ही सोय नसते. मग काय करायचे?

अशा वेळी वेळेवरून जागा शोधता येते. समजा, आपण विद्यार्थ्यांना घेऊन बुलढाणा जिल्ह्यातील लोणार विवराच्या काठाने चालत आहोत. खिशातला फोन दर काही सेकंदांनी वेळ आणि अक्षांश-रेखांश टिपतो आहे. गळ्यातला कॅमेरा फक्त वेळ टिपतो. परतल्यावर संगणक दोन्ही नोंदी जुळवतो. फोनच्या दोन नोंदींत ३० सेकंदांचे अंतर असेल आणि छायाचित्र पहिल्या नोंदीनंतर १० सेकंदांनी काढलेले असेल, तर जागा त्या दोन बिंदूंमधील एक तृतीयांश अंतरावर धरली जाते. हे गणितातले समप्रमाणच झाले!

म्हणजे सारी भिस्त घड्याळावर आली. ताशी ४ किलोमीटर वेगाने चालणारा मनुष्य मिनिटाला सुमारे ६७ मीटर जातो. कॅमेऱ्याचे घड्याळ ५ मिनिटे मागे असेल, तर प्रत्येक चित्राची जागा सुमारे ३३० मीटर चुकेल. यावर उपाय सोपा आहे. निघताना फोनवरील सेकंदासह दिसणाऱ्या घड्याळाचे एक छायाचित्र काढावे. दोन घड्याळांतला फरक त्यावरून कळतो व तो संगणकाला सांगता येतो. फोनची मार्गनोंद बहुधा जागतिक प्रमाणवेळेत असते आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे असते, हेही ध्यानात ठेवावे.

नोंद किती बारीक हवी? अक्षांशाचे १ मिनिट म्हणजे जमिनीवर सुमारे १.८५ किलोमीटर. लोणार विवराचा व्यासही सुमारे १.८ किलोमीटरच आहे. तेव्हा नुसती अंश-मिनिटे लिहिली, तर विवराच्या उत्तर व दक्षिण काठांत जेमतेम एका मिनिटाचा फरक दिसेल. म्हणून सेकंद हवेत. अक्षांशाचा १ सेकंद म्हणजे सुमारे ३१ मीटर. शिवाय ही जागा कॅमेऱ्याची असते; पलीकडच्या काठावरील देवळाचे चित्र काढले, तरी नोंद आपण उभे असतो तिथलीच होते.

या खटाटोपाचा उपयोग काय? जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले होते. दर वर्षी त्याच जागी उभे राहून चित्र काढले, तर पाण्याचा रंग, पातळी आणि काठावरची झाडी यांतले बदल विद्यार्थ्यांना स्वतः ताडून पाहता येतील.

मात्र हीच नोंद एखाद्या मुलाचे घर कुठे आहे तेही परक्याला सांगते. म्हणून विद्यार्थ्यांची चित्रे बाहेर पाठवण्यापूर्वी त्यांतील अक्षांश-रेखांश पुसून टाकावेत. ते लिहायला शिकवताना पुसायलाही शिकवावे.