साठीनंतरचा कॅमेरा

न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन स्क्वेअर बागेसमोर एक उंच इमारत आहे. मूळचे हंगेरीचे छायाचित्रकार आंद्रे कर्टेश १९५२ साली तिथे राहायला आले आणि १९८५मध्ये गेले ते तिथूनच. तरुणपणी बुडापेस्ट आणि पॅरिसच्या रस्त्यांवर पायी भटकून त्यांनी काढलेले फोटो आज इतिहासात जमा आहेत. १९७७मध्ये त्यांची पत्नी एलिझाबेथ कॅन्सरने वारली. कर्टेश तेव्हा ऐंशी ओलांडलेले, घरात एकटे. पुढे एका दुकानात त्यांना काचेचा अर्धपुतळा दिसला. मान आणि खांद्यांची ठेवण अगदी एलिझाबेथची. त्यांनी तो आणून खिडकीत ठेवला आणि पोलरॉइडच्या एसएक्स-७० कॅमेऱ्याने त्याचे फोटो काढायला लागले. काचेतून आरपार दिसणारं शहर, सकाळचं ऊन, संध्याकाळची निळाई, सगळं त्या एका खिडकीतलं. त्या फोटोंचं ‘फ्रॉम माय विंडो’ हे पुस्तक १९८१ साली आलं. ते त्यांनी एलिझाबेथला अर्पण केलं आहे.

एसएक्स-७०चा फोटो साधारण आठ सेंटिमीटरचा चौकोन. त्याला निगेटिव्ह नसते, डार्करूममध्ये तासन्‌तास उभं राहावं लागत नाही, फोटो डोळ्यांदेखत उमटतो. थकलेल्या शरीराला झेपेल असं ते यंत्र होतं, आणि त्याच्या मर्यादेतच कर्टेश यांनी आपलं सगळ्यात जिव्हाळ्याचं काम केलं. वय झालं की फोटोग्राफी उतरणीला लागते, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. वावर कमी होतो हे खरं, पण काम हाताशी असलेल्या गोष्टींकडे सरकतं आणि तिथे खोल जातं.

शरीर काय काय काढून घेतं, तेही नीट समजून घेतलं पाहिजे. सुरुवात डोळ्यांपासून होते. चाळिशी लागते म्हणजे डोळ्यातलं भिंग कडक होत जातं. कॅमेऱ्याच्या पाठीवरचा स्क्रीन चष्म्याशिवाय धूसर दिसतो. व्ह्यूफाइंडरला डोळा लावला की हा त्रास बराच कमी होतो, कारण त्यातली प्रतिमा मीटरभर लांब असल्यासारखी दिसेल अशी आतली रचना असते. शिवाय शेजारी डायऑप्टरची एक बारीक चकती असते. तिशीत तिच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही. आतले आकडे स्वच्छ दिसेपर्यंत ती फिरवावी, आणि चष्म्याचा नंबर बदलला की पुन्हा फिरवावी.

दिवेलागणीची वेळ अधिक कठीण. वयाबरोबर डोळ्याची बाहुली अंधारात पूर्वीइतकी मोठी होत नाही आणि भिंग पिवळसर होत जातं. इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर दृश्य उजळून दाखवतो, हा मिररलेस कॅमेऱ्यांचा ज्येष्ठांवर मोठाच उपकार आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया एकाच डोळ्याची झालेली असेल तर तीच पांढरी भिंत एका डोळ्याला पिवळट दिसते आणि दुसऱ्याला निळसर. अशा काळात रंग नजरेने ठरवू नयेत. करड्या कार्डाचा एक फोटो काढून त्यावरून व्हाइट बॅलन्स लावावा.

हात थरथरू लागतो. २०० मिलिमीटरची लेन्स असेल तर शटर सेकंदाच्या दोनशेव्या भागाइतकं तरी जलद हवं, हा जुना ठोकताळा. साठीनंतर चारशेवा भाग धरलेला बरा. लेन्समधली कंप शोषणारी यंत्रणा हाताची थरथर सावरते, समोरच्या चालत्या माणसाचा धूसरपणा मात्र तिला घालवता येत नाही. आणि वजन! ७०-२०० एफ २.८ लेन्स दीड किलोच्या आसपास भरते. ती गळ्यात घेऊन माउलींच्या पालखीबरोबर दिवेघाट चढत जायचं तर पाय तरुण हवेत. पण घाटातल्या एका वळणावर छोटी लेन्स घेऊन बसलेल्या माणसासमोरून अख्खी वारी जाते. त्याला गर्दीचं विहंगम दृश्य मिळत नाही. त्याच्या फोटोंत चेहरे येतात, घामेजलेले, दमलेले, दम घ्यायला टेकलेले. मला ते फोटो जास्त आवडतात.

काही जण थांबतात, आणि तोही निर्णय आदराने पाहावा असा असतो. होमाई व्यारावाला नवसारीच्या, शिकल्या मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात, भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. पती गेल्यानंतर वर्षभरात, १९७० साली, त्यांनी हे काम सोडलं. नव्या छायाचित्रकारांचं बेशिस्त वागणं त्यांना रुचत नव्हतं. पुढची चार दशकं त्यांनी छायाचित्रणाविना काढली. २०११ साली पद्मविभूषण मिळालं ते कधीच काढून झालेल्या फोटोंसाठी. याउलट अमेरिकेच्या इमोजन कनिंगहॅम. वयाच्या ९२व्या वर्षी त्यांनी वृद्धांच्या व्यक्तिचित्रांचा नवा प्रकल्प हाती घेतला. १९७६ साली त्या गेल्या, ‘आफ्टर नाइन्टी’ हे पुस्तक पुढच्या वर्षी निघालं. म्हाताऱ्या माणसाचा चेहरा टिपणारी व्यक्ती स्वतः नव्वदीपार असली की समोरचा अवघडून बसत नसणार, असं ते फोटो पाहताना वाटत राहतं.

अॅन्सेल अॅडम्स यांची गोष्ट आणखी वेगळी. न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेला चंद्र त्यांनी १९४१ साली टिपला. त्या एकाच निगेटिव्हवरून ते पुढे अनेक वर्षं प्रिंट काढत राहिले. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाश फिकट, ढगाळ आहे. म्हातारपणीच्या प्रिंटमध्ये ते जवळजवळ काळंभोर झालं आहे. अॅडम्स तरुणपणी पियानोवादक व्हायला निघाले होते. निगेटिव्ह म्हणजे स्वरलिपी आणि प्रिंट म्हणजे वादन, असं ते मानत. फोटो काढून झाला म्हणजे संपला, ही समजूत इथे मोडते.

आपल्याकडे घरोघरी माळ्यावर निगेटिव्हचे डबे पडून आहेत. मुंबईच्या गिरणगावात १९८२च्या गिरणी संपाआधी कुणी सहज टिपलेला, पाळी सुटतानाचा फोटो आज दस्तऐवज आहे, आणि त्यातली माणसं ओळखणारे दरवर्षी कमी होत आहेत. ती माणसं ओळखून त्यांची नोंद करून ठेवण्याचं काम ज्येष्ठ छायाचित्रकाराखेरीज कुणी करू शकत नाही, म्हणून मी ते नव्या फोटोंइतकंच महत्त्वाचं मानतो. दमट हवेत निगेटिव्हना बुरशी लागते. जुन्या अॅसिटेट फिल्मला व्हिनेगरसारखा वास येऊ लागला की ती कुजू लागली असं समजावं. तो डबा वेगळा काढून त्याचं स्कॅनिंग आधी करावं. जुन्या कागदी प्रिंटच्या पाठीवर नाव, गाव आणि साल लिहावं, मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने. बॉलपेनची रेघ पुढच्या बाजूला उमटते.