इनबोर्ड बोट पहिल्यांदाच पावसाळ्याला ठेवताय?

मंडळी, मे सरत आला. १ जून ते ३१ जुलै, असे ६१ दिवस यांत्रिक बोटी बंद. १० एचपीपर्यंतच्या आऊटबोर्डवर गिलनेट घेऊन जाणाऱ्या होड्यांना गोव्यात सवलत आहे, पण इनबोर्डवाल्याला ती नाही. आपल्यातल्या काही जणांनी यंदा आऊटबोर्ड सोडून पहिल्यांदाच इनबोर्ड घेतली, मुख्य म्हणजे त्यांच्यासाठी हे लिहितो. जुन्यांनी वाचलं तरी काय बिघडत नाही.

आऊटबोर्डचं काम सोपं. बोल्ट सोडले, मशीन दोघांनी उचललं, पडवीत नेऊन ठेवलं. इनबोर्ड मशीन बोटीतच राहणार, दोन महिने पावसात. ऑफिसात येऊन एकदोघे म्हणाले, "सेक्रेटरी, उभ्या बोटीला काय व्हायचंय?" तर बाबांनो, चालत्या बोटीपेक्षा उभ्या बोटीचं मशीन लवकर खराब होतं. बँकेचा हप्ता जून-जुलैतही चुकत नाही, आणि ऑगस्टच्या पहिल्या फेऱ्यांत सुंगटं लागतात तेव्हा बोट मेकॅनिकची वाट बघत वाळूत उभी राहिली तर त्या हंगामाची भरपाई कुठून करणार?

मोबाईलवर बोट बंद ठेवण्याचे व्हिडिओ बरेच आहेत, पण ते बहुतेक थंड देशांतले. तिथे पाणी गोठतं, गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि ब्लॉक फोडतं. म्हणून ते लोक अँटीफ्रीझ ओतत बसतात. आपल्याकडे गोठायचा प्रश्नच नाही. आपलं मशीन मरतं ते आत राहिलेल्या खाऱ्या पाण्यानं आणि वरून पडणाऱ्या पावसानं. बाकी त्यांच्या बऱ्याच गोष्टी आपल्यालाही लागू आहेत.

सुरुवात बोट पाण्यात असतानाच करायची. शेवटच्या फेरीवरून आलात की मशीन गरम असतानाच जुनं ऑइल काढा, फिल्टर बदला. बरेच जण म्हणतात, नवं ऑइल ऑगस्टमध्ये घालू, आता घालून दोन महिने फुकट कशाला? हे गणित उलटं आहे. वापरलेल्या ऑइलात काजळी असते, जळालेल्या डिझेलातून आलेलं आम्ल असतं, थोडं पाणीही असतं. ते दोन महिने बेअरिंगवर बसून राहिलं तर बेअरिंग खातं. नवं ऑइल घालून मशीन पाच-दहा मिनिटं चालवा, म्हणजे ते सगळीकडे पोचतं. गियरबॉक्सचं ऑइलही काढून बघा. दुधासारखं पांढरट दिसलं तर आत पाणी शिरलंय, मेकॅनिकला तेव्हाच बोलवा. जूनमध्ये तो मोकळा असतो, जुलैच्या शेवटी त्याच्या दारात रांग लागते.

डिझेलची टाकी अर्धी ठेवू नका. अर्ध्या टाकीतल्या दमट हवेचं पाणी होतं, ते तळाला बसतं, आणि पाणी-डिझेल जिथे भेटतं तिथे बुरशी वाढते. ऑगस्टमध्ये फिल्टरात काळा चिकट गाळ सापडतो तो हाच. टाकी वरपर्यंत, फुगायला थोडी जागा सोडून भरा. चोरीची भीती असेल तर पूर्ण रिकामी करून कोरडी करा. वॉटर सेपरेटरच्या तळाचं पाणी दोन्ही बाबतीत काढायचंच.

आता गोडं पाणी. ज्यांचं मशीन समुद्राचं पाणी ओढून थंड होतं, त्यांनी हे काम टाळूच नये. बोट वर घेतली की सक्शनचा पाईप गोड्या पाण्याच्या पिंपात घालून मशीन दहा-पंधरा मिनिटं चालवा. पिंपात पाणी सतत पडत राहिलं पाहिजे, पिंप रिकामं झालं आणि मशीन चालूच राहिलं तर पंपाचं रबरी इम्पेलर जळायला मिनिटसुद्धा लागत नाही. नंतर ब्लॉकचे आणि हीट एक्सचेंजरचे कॉक उघडून सगळं पाणी सोडा. कॉकमधून पाणी आलं नाही म्हणजे आत पाणी नाही असं समजू नका, बहुतेक वेळा तोंडाशी गाळ अडकलेला असतो. तार घालून बघा. इम्पेलर काढून घरी न्या. दोन महिने एकाच जागी दुमडून राहिलेली त्याची पाती परत सरळ होत नाहीत.

एक्झॉस्टचं तोंड बांधा. ही दहा रुपयांची गोष्ट विसरली जाते आणि लाखाचं नुकसान करते. उभ्या पाईपातून पाऊस आत जातो, एखादा व्हॉल्व उघडा असला तर पाणी थेट सिलिंडरात. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. ऑगस्टमध्ये सेल्फ मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. डबा उपडा घाला, वर रबर बांधा, आणि स्टार्टरच्या चावीला चिठ्ठी लावा: "एक्झॉस्ट बांधलाय". हवा घ्यायचं तोंडही तसंच बंद करा.

काही जण दर रविवारी जाऊन पाच मिनिटं मशीन चालू करतात. मला हे पटत नाही. पाच मिनिटांत मशीन नीट गरमही होत नाही, आत ओल धरते, आणि वर ठेवलेल्या बोटीत थंड करायला पाणी नसतं. त्यापेक्षा दर पंधरा दिवसांनी स्टॉप ओढून, हातानं दोन-चार वळसे फिरवा. रिंगा चिकटत नाहीत, आणि बोटीवर नजरही जाते.

बॅटरी घरी आणा. महिन्यातून एकदा चार्ज करा, भरलेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर सुमारे १२.६ दिसलं पाहिजे. टोकांना पेट्रोलियम जेली लावा.

बोट वर घ्यायची ती उधाणाच्या भरतीला. भांगाच्या भरतीला घ्याल तर ती अर्ध्यावर राहील आणि जूनच्या पहिल्या उधाणात पाणी तिच्याखाली शिरेल. टेंबाकडे बोट ओढणाऱ्यांनी अजून एक लक्षात ठेवा. कासवाची अंडी फुटायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात, म्हणजे एप्रिलमध्ये घातलेलं घरटं मे अखेरीसही वाळूत असू शकतं. वन खात्यानं कुंपण घातलंय तिथून दूर, आणि गार्डला विचारूनच ओढा.

तळाला चिकटलेले शिंपले बोट ओली असतानाच खरवडा, सुकल्यावर दुप्पट मेहनत. टेकू पठाणाखाली द्या, बाजूचे टेकू फक्त आधाराला. नाळेची बाजू थोडी वर ठेवा आणि मागचं बूच काढा. हे का, ते हिशोबानं बघा. १० मीटर लांब, अडीच मीटर रुंद उघडी बोट म्हणजे २५ चौरस मीटर. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस, जो आपल्याकडे जुलैत नवा नाही, म्हणजे अडीच हजार लिटर, अडीच टन पाणी. टेकू ते झेलत नाहीत. लाकडी बोटीला तर पावसाचं पाणी खाऱ्यापेक्षा वाईट, खाऱ्या पाण्यात लाकूड टिकतं, साचलेल्या गोड्या पाण्यात कुजतं. आपले जुने लोक काजूच्या टरफलाचं तेल लावत ते उगाच नव्हे.

वरचं छप्पर चुडतांचं असेल तर उत्तम, हवा खेळते. निळी ताडपत्री घट्ट गुंडाळली तर आत घाम धरतो आणि वायरी हिरव्या पडतात. ताडपत्रीच घालायची तर दोन्ही टोकं उघडी ठेवा.

ज्यांना बोट नदीतच ठेवायची आहे त्यांनी शापोऱ्याचा विचार करावा. तिळारीचं पाणी सोडलं की वरून ओंडके, झाडं वाहत येतात, २०१९च्या ऑगस्टमध्ये इब्रामपूर-चांदेलकडे पाणी कुठे पोचलं होतं ते आपण पाहिलंय. तिथे दोर दुप्पट हवेत, शाफ्टची ग्लँड आवळलेली हवी, आणि रोज कुणीतरी जाऊन उपसलं पाहिजे. माझं मत विचाराल तर पहिल्याच वर्षी हा धोका घेऊ नका.

झिंकचे तुकडे अर्धे झिजले असतील तर बदला, आणि त्यांच्यावर रंग लावू नका, रंगवलेलं झिंक काम करत नाही, मग पंखा झिजतो. तळाचा रंग आता नको, बोट उतरवायच्या आधी. लाईफ जॅकेट, फ्लेअर घरी आणा, फ्लेअरवरची तारीख वाचा. रजिस्ट्रेशन आणि विम्याचे कागद याच दोन महिन्यांत बघून घ्या, ऑफिस सकाळी उघडं आहे.

काढलेलं बूच मात्र सुकाणूलाच बांधून ठेवा. घरी नेलेलं बूच बोट उतरवायच्या दिवशी कुणालाच सापडत नाही.