तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र एकत्र का शिकायचं? भिवंडीतल्या विजेच्या बिलावरून

आज आपण पीपीई या पदवीबद्दल बोलणार आहोत. पीपीई म्हणजे फिलॉसॉफी, पॉलिटिक्स आणि इकॉनॉमिक्स. आपल्या भाषेत तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र. हे तिन्ही विषय एकाच पदवीत शिकायचे.

"बारावीनंतर आर्ट्सला जाऊन करणार काय?" हा प्रश्न भिवंडीतल्या कितीतरी घरांत विचारला जातो, आणि तो चुकीचा नाही. घरातला कर्ता माणूस मागावर १२ तासांची पाळी करत असेल, तर मुलीची किंवा मुलाची तीन-चार वर्षं ही मोठी गुंतवणूक असते. म्हणून कौतुक बाजूला ठेवू आणि या पदवीतून हाताला काय लागतं ते तपासू.

थोडा इतिहास बघू. ऑक्सफर्ड विद्यापीठाने हा अभ्यासक्रम १९२० मध्ये सुरू केला. त्याआधी सरकारी सेवेत जाऊ पाहणारी मुलं तिथे ग्रीक-लॅटिन भाषा आणि प्राचीन इतिहास शिकत. पहिल्या महायुद्धानंतर लोकांच्या लक्षात आलं की आजचं राज्य चालवायचं तर आजचे प्रश्न समजायला हवेत. हॅरोल्ड विल्सनपासून ऋषी सुनकपर्यंत ब्रिटनचे अनेक पंतप्रधान याच अभ्यासक्रमातून आले. पण पंतप्रधान किती झाले, हा काही आपला निकष नाही. आपल्या गावातला प्रश्न या अभ्यासाने जास्त नीट कळतो का, ते बघायचं.

तर भिवंडीचाच प्रश्न घेऊ: यंत्रमागांना विजेच्या दरात सवलत द्यावी का?

आधी अर्थशास्त्र. सवलत मिळाली की फायदा कोणाचा? आपण पटकन म्हणतो, मागवाल्याचा. पण भिवंडीत कित्येक छोटे मागवाले जॉबवर काम करतात. सूत व्यापाऱ्याचं, कापडही व्यापाऱ्याचं. मागवाल्याला मिळते ती फक्त विणाई. काम कमी आणि माग जास्त, अशी वेळ आली की वीज स्वस्त झाल्याचं बघून व्यापारी विणाईचा दर पाडून मागतो, आणि माग बंद राहू नये म्हणून मागवाला तो मान्य करतो. सवलत मागवाल्याच्या नावावर लागते, पण तिचा बराचसा पैसा व्यापाऱ्याकडे सरकू शकतो. ज्याच्या नावाने मदत जाते त्यालाच ती पोचते असं नाही, हे अर्थशास्त्र शिकवतं.

आता राज्यशास्त्र. हे ठरवतं कोण? विजेचे दर महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो. यंत्रमागाची सवलत राज्य सरकार देतं. भिवंडीतला वीजपुरवठा आणि बिलाची वसुली २००७ पासून टोरंट पॉवर ही खाजगी कंपनी महावितरणची फ्रँचायझी म्हणून बघते. म्हणजे तक्रार एक आणि दारं तीन. शिवाय मागवाल्यांच्या संघटना मंत्र्यांना निवेदन देऊ शकतात. पण मागावर उभा असलेला कारागीर उत्तर प्रदेशातून, बिहारमधून, तेलंगणातून आलेला, आणि अनेकांचं मत अजून गावाकडच्या यादीत. त्याला मजुरी मीटरवर. वीज गेली, माग थांबला, की त्या वेळेची त्याची कमाई गेली. झळ त्याला लागते, पण निर्णयाच्या बैठकीत तो नसतो.

मग तत्त्वज्ञान. न्याय्य काय? सगळ्यांच्या करातून एका धंद्याला मदत करणं योग्य का? १९७१ मध्ये जॉन रॉल्स या अमेरिकन तत्त्वज्ञाने एक कसोटी मांडली. आपण व्यापारी असू, मागवाले असू की कारागीर, हे आपल्याला ठाऊक नाही असं धरा आणि मग नियम ठरवा. तसं केलं तर आपण सर्वांत खालच्या माणसाची स्थिती आधी बघू, असं त्यांचं म्हणणं. तीनच वर्षांनी रॉबर्ट नोझिक यांनी उलट बाजू मांडली: एकाच्या कमाईतून काढून दुसऱ्याला द्यायचा हक्क सरकारला आला कुठून? दोन्ही बाजू ताकदीने मांडता येणं, आणि मग आपली बाजू कारणं देऊन निवडणं, हे तत्त्वज्ञानाचं काम.

बघा, प्रश्न एकच होता. एकट्या अर्थशास्त्राने हिशेब कळला असता, पण कारागीर बैठकीत का नाही हे सुटलं असतं. नुसत्या राज्यशास्त्राने सत्ता दिसली असती, पैसा कुठे झिरपतो ते दिसलं नसतं. नुसतं तत्त्वज्ञान असतं तर बिलाचा कागद न बघताच न्यायावर भाषण झालं असतं.

यावर कोणी म्हणेल, ही तर एक ना धड भाराभर चिंध्या! आक्षेप खरा आहे. तिन्ही विषय वरवर शिकून सगळ्यांवर बोलणारी माणसं तयार होतात, ही टीका ऑक्सफर्डवरही होते. तिथे पहिल्या वर्षानंतर तीनपैकी एक विषय सोडून उरलेल्या दोनांत खोल जाता येतं. आपणही एक विषय मुख्य धरावा आणि बाकीचे दोन त्याला जोडावेत.

महाराष्ट्राला याचं उदाहरण शोधायला ऑक्सफर्डला जायची गरज नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१२ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र घेऊन बी.ए. केलं. पुढे कोलंबिया विद्यापीठात त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र होता, पण जॉन ड्यूई यांच्याकडे ते तत्त्वज्ञानही शिकले. १९२३ मध्ये लंडनमध्ये त्यांना डी.एस्सी. मिळाली ती रुपयाच्या प्रश्नावर. परदेशी चलनाशी असलेल्या दरापेक्षा देशातली रुपयाची खरेदीशक्ती स्थिर राहणं महत्त्वाचं, असं त्यांनी मांडलं. आणि २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात त्यांनी इशारा दिला की राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता ही विसंगती फार काळ टिकवली तर लोकशाहीच धोक्यात येईल. या एका इशाऱ्यात तिन्ही विषय आहेत. पण त्यामागे एका विषयातली डॉक्टरेटची मेहनत आहे, हे विसरू नका.

आता व्यवहाराचं. पीपीई नावाची पदवी भारतात सोनीपतच्या अशोका विद्यापीठासारख्या काही खाजगी ठिकाणी मिळते. फी लाखांत असते. गरज बघून आर्थिक मदत मिळते का, ते अर्ज करतानाच विचारा. पण नाव महत्त्वाचं नाही. मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांत आता मेजर-मायनर पद्धत आली आहे. अर्थशास्त्र मेजर आणि राज्यशास्त्र मायनर अशी जोडी जमते का, हे आपल्या कॉलेजच्या ऑफिसात विचारा. तत्त्वज्ञानाचा विभाग अनेक ठिकाणी नसतो. तो विषय स्वयम् पोर्टलवरच्या मोफत अभ्यासक्रमांतून भरून काढता येतो.

गणित सोडलेल्यांनी एक लक्षात ठेवा: अर्थशास्त्रात एम.ए.ला चांगल्या संस्थेत जायचं तर गणित आणि संख्याशास्त्र लागतं. पहिल्या वर्षापासूनच थोडं थोडं सुरू करा.

पुढे वाटा कोणत्या? एलएल.बी., पुण्याच्या गोखले संस्थेत किंवा मुंबईच्या टिसमध्ये पदव्युत्तर शिक्षण, पत्रकारिता, संशोधन. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत राज्यकारभार, अर्थव्यवस्था आणि २०१३ पासून नीतिशास्त्र असे पेपर आहेत; तिथे या तिन्ही विषयांचा थेट उपयोग होतो. मात्र पदवी मिळाली की नोकरी नक्की, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. एक विषय पक्का, थोडं गणित आणि स्वच्छ लिहिता येणं, एवढं जमलं तर ही तीन-चार वर्षं वाया जात नाहीत.

पुढच्या वेळेपर्यंत एक काम करू. घरातलं किंवा शेजारच्या कारखान्यातलं विजेचं एक बिल घ्या आणि तीन प्रश्न लिहा: पैसा कोणाकडून कोणाकडे जातो, हे कोणी ठरवलं, आणि हे न्याय्य आहे का? उत्तर मराठीत लिहा, उर्दूत लिहा, हिंदीत किंवा तेलुगूत लिहा. ज्या प्रश्नाचं उत्तर लिहिताना सर्वांत जास्त गोडी लागेल, तो विषय मेजर घ्या.