डुलकीचा हिशेब

वाकोल्याजवळून जाणारा पश्चिम द्रुतगती महामार्ग रात्री झोपू देत नाही, अशी आम्हा रहिवाशांची नेहमीची तक्रार. परंतु त्यावरून मालमोटारी हाकणाऱ्यांना तरी झोप मिळते काय, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. गर्दीच्या वेळी शहरात जड वाहनांना बंदी असते. म्हणून त्यांचे काम बहुधा आपल्या निजानिजेनंतर सुरू होते.

नेमकी हीच वेळ शरीराला अमान्य असते. आपल्या शरीरात चोवीस तासांचे एक घड्याळ चालते आणि पहाटे दोन ते सहा या वेळात ते झोपच मागते. अशा वेळी तीन-चार सेकंदांची डुलकी नकळत लागते. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. म्हणजे तीन सेकंदांत ५० मीटर अंतर ती जणू चालकाविनाच कापते! चहा-तंबाखूने डोळे घटकाभर उघडे राहतात, पण झोपेचे कर्ज झोपेनेच फिटते.

१९९७ साली डॉसन व रीड या संशोधकांनी दाखवून दिले, की सतत १७ तास जागलेल्या माणसाचे काम रक्तात १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम मद्य असल्याइतके ढासळते. आपल्या कायद्यातील मर्यादा तर ३० मिलिग्रॅमच आहे. मद्य ओळखणारे यंत्र नाक्यावरच्या पोलिसाजवळ असते. झोप ओळखणारे नसते. म्हणून हा प्रश्न गाडी सुटण्यापूर्वीच, वेळेच्या हिशेबात सोडवावा लागतो.

हा हिशेब नवा नाही. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने सर्वसाधारणपणे दिवसाला ८ तास काम आणि सलग ५ तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती ठरवून दिली होती. राष्ट्रीय परवान्याच्या मालमोटारीवर दोन चालकांची सक्तीही होती. ती २०१८ मध्ये उठली. ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मालमोटारींत चालकाची केबिन वातानुकूलित असणे आवश्यक झाले. उकाड्याचा शीण त्याने कमी होईल, झोपेची गरज मात्र नाही.

खेपेवर पैसे मिळणारा चालक थांबला, तर त्याचीच कमाई बुडते. तेव्हा ‘माल सकाळी सातला पोहोचलाच पाहिजे’ असे बजावणाऱ्या मालकाने व व्यापाऱ्याने प्रवासाच्या तासांत झोपेचे तासही धरले पाहिजेत. नाहीतर अपघातानंतर कागदावर केवळ ‘चालकाचा निष्काळजीपणा’ एवढेच उरेल.